महिपतीनं पोरांना शेत दाखवलं

एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव त्याचं महिपती. आता भोळी माणसं काय, गावोगाव असतात. पण हा नुसता भोळा नव्हता, सांगकाम्या होता. सांगितलं ते करायचा, सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. एकदा एस.टी. स्टँडवर एका पाहुण्यानं त्याला म्हटलं, जरा ही पिशवी धर, आलोच मी. पाहुणा गडबडीत भलत्याच गाडीत चढला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. महिपती पिशवी धरून तिथंच उभा. खाली ठेव असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

लग्नाआधी तो एका बँडपथकात झांजा वाजवायचा. मास्तरनं मान हलवली की झांज मारायची, नाही हलवली की गप्प बसायचं. काम त्याला अगदी मानवलं होतं. मग एका वरातीत मास्तरला शिंका लागल्या. पठ्ठ्यानं एकवीस शिंकांना एकवीस झांजा मारल्या. त्यानंतर त्यानं ते काम सोडलं, म्हणजे त्याला सोडायला सांगितलं आणि त्यानं ऐकलं.

पुढं त्याचं हौसाशी लग्न झालं आणि तो तिच्या घरी राहायला आला. शेत हौसाच्या माहेरचं, म्हैस हौसाची आणि डोकंही हौसाचंच चालायचं. ती म्हणायची खुरपं घ्या, हा घ्यायचा. ती म्हणायची ठेवा, हा ठेवायचा. दहा वर्षं असा संसार सुखात चालला होता, कारण हौसा सतत शेजारी उभी असायची.

या हौसाच्या मनात एक गोष्ट फार दिवसांची रुतून बसली होती. चौथीत असताना तिला शाळेतून काढून ज्वारीच्या राखणीला बसवलं होतं. शेतात चार खांबांवर माळा बांधलेला, त्यावर दिवसभर उभं राहून पाखरं हाकायची. माळ्यावरून शाळा दिसायची. पोरं रांगेत उभी राहिलेली दिसायची, पाढे ऐकू यायचे. तेव्हापासून तिला वाटायचं, आपली शाळा तर सुटली, पण एक दिवस शाळाच आपल्या शेतात आली पाहिजे. पोरांनी बांधावर बसावं, आपण त्यांना चार गोष्टी सांगाव्यात आणि पोरांनी आपल्याला बाई म्हणावं. एवढंच तिचं मागणं होतं.

आणि बघा, तसंच घडून आलं. शहरातल्या एका शाळेत सरनोबत बाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी एकदा वर्गात विचारलं, भाकरी कुठून येते? चाळीस पोरांनी एका सुरात सांगितलं, डब्यातून. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे. मग त्या गावात आल्या, हौसाला भेटल्या आणि ठरलं की सोमवार ते शुक्रवार चाळीस पोरं शाळेच्या बसनं रोज हौसाच्या शेतात येतील. शुक्रवारी शाळेच्या संस्थेचे मोहोळकर साहेब स्वतः येणार, पोरांना काय आलं ते बघणार आणि त्यांना पसंत पडलं तर मग दरवर्षी थंडीत शाळा शेतात येणार. हौसाला हर्ष झाला. तिनं नवं लुगडं काढून ठेवलं.

आणि रविवारी बांधावरून उतरताना तिचा पाय मुरगळला. पाय असा सुजला की चप्पल चढेना. हाडवैद्यानं पाला बांधला आणि शुक्रवारपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. हौसा बाजेवर पडून रडली. पाय दुखतो म्हणून नाही, पोरं आता कुणाच्या हाती जाणार ते दिसत होतं म्हणून.

महिपतीनं तिचे डोळे पुसले आणि म्हणाला, "तू रडू नगंस. तू मला सांग, मी तसंच करतो."

हौसा आणखी रडली.

पण दुसरं होतं कोण? सोमवारी सकाळी तिनं त्याला समोर बसवून सांगितलं की पोरांना कांद्याचा वाफा दाखवा. महिपतीनं मान डोलावली, ध्यानात ठेवलं म्हणाला आणि निघाला.

बस आली, पोरं उतरली. महिपतीनं त्यांना वाफ्याच्या कडेला रांगेत उभं केलं आणि हात करून सांगितलं, हा कांद्याचा वाफा. पोरांनी वाफा बघितला. हिरवी पात वाऱ्यावर हलत होती. जरा वेळानं एकानं विचारलं की काका, यात कांदा कुठे आहे? महिपती म्हणाला, वाफा दाखवायचं ठरलंय, कांद्याचं काही बोलणं झालेलं नाही. पोरं दुपारपर्यंत वाफा बघत उभी राहिली. मग त्यांनी वह्या काढल्या आणि लिहिलं, 'कांदा ही गवताची एक जात आहे.'

संध्याकाळी हौसानं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. हौसानं कपाळावर हात मारला.

"अवं, कांदा जमिनीत असतोय. बुडाशी हात घालायचा, हिसका देऊन उपटायचं, माती झटकायची, पाटात धुवायचं आणि पोरांच्या हातात द्यायचं. मग कळतंय त्यास्नी."

"असं व्हय," महिपती म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

मंगळवारी दुधी भोपळा होता. विहिरीजवळ हौसानं दुधीचा मांडव केला होता. वेल वर चढून सगळा मांडव झाकून टाकलेला आणि खाली चौदा दुधी लोंबत होते. महिपतीला बाकी काही सांगायची गरजच नव्हती, कालचं सगळं पाठ होतं. त्यानं वेलाच्या बुडाशी हात घातला, पाय रोवले आणि हिसका दिला. वेल मुळासकट बाहेर आला. मांडव कलंडला. महिपतीनं मुळांची माती झटकली, मुळं पाटात स्वच्छ धुतली आणि पोरांच्या हातात दिली. पोरांनी मुळं उलटीसुलटी करून बघितली. दुधी काही दिसेना.

"काका, ते तिकडे काय लोंबतंय?" एका पोरीनं विचारलं.

महिपतीनं वर न बघताच तिला सांगितलं की ते मागनं बघू, आधी बुडाशी काय आहे ते बघा, कांदा बुडाशीच असतोय. बुडाशी काहीच नव्हतं. त्यालाही जरा वाईट वाटलं. तो पोरांना म्हणाला की यंदा दुधी धरलेला दिसत नाही. पोरांनी वह्या काढल्या आणि लिहिलं, 'दुधीला दुधी येत नाही. काकांना वाईट वाटते.'

संध्याकाळी चौदा दुधी आणि एक वाळका वेल घरी आला. हौसानं कपाळावर हात मारला. वेल जिवंत असताना उपटून कोण दाखवतं, असं म्हणून तिनं त्याला चांगला फैलावर घेतला. मग जरा शांत झाली आणि सांगितलं, "खाली वाकून उभं ऱ्हायचं. लोंबतंय त्याला हात घालायचा. नख टोचून बघायचं, कवळं हाय का जून. कवळं असलं की पिळा द्यायचा आणि तोडून घ्यायचं."

"असं व्हय. ध्यानात ठेवलं."

बुधवारी म्हैस होती.

आता पुढचं तुम्हाला दिसायला लागलं असेल, पण महिपतीला दिसत नव्हतं. चंद्री नावाची हौसाची म्हैस तशी गुणी होती. दहा वर्षांत तिनं कुणाला शिंग दाखवलं नव्हतं. पण दहा वर्षांत तिचं दूध हौसाच काढत आली होती. पोरं गोठ्यापुढं अर्धगोल करून बसली. महिपती चरवी घेऊन पुढं झाला. म्हशीखाली वाकून उभा राहिला. लोंबतंय त्याला हात घातला. मग वळून पोरांना म्हणाला, नीट बघा, दुधी बघतात तसं आता आपण हे कवळं आहे का जून ते बघू. आणि त्यानं नख टोचलं.

चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नसावा. मग महिपतीनं पिळा द्यायला सुरुवात केली.

पुढं काय झालं ते पोरांना नीट दिसलं नाही, कारण फार भरकन झालं. चरवी छपरावर गेली. महिपती गव्हाणीत पडला, डोकं कडब्यात आणि पाय वर. चंद्री दावं तोडून गेली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवळाच्या पारावर जाऊन उभी राहिली. सरनोबत बाईंनी डोळ्यांवर हात घेतले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि लिहिलं, 'दूध काढताना म्हैस लाथ मारते. म्हणून लोक दूध पिशवीतून आणतात.'

संध्याकाळी महिपती लंगडत घरी आला. आता घरात दोन लंगडे झाले. हौसाला हसावं की रडावं कळेना. तिला पोरांची काळजी लागली होती, साहेबांची काळजी लागली होती आणि आता चंद्रीचीही लागली. जित्राब म्हणजे काय भोपळा आहे का, ती म्हणाली. जित्राबाशी मायेनं वागायचं असतं.

"आधी नावानं हाक मारायची. म्होरं पेंडीचं घमेलं ठेवायचं. पिल्लाला आधी सोडायचं. त्यास्नी पोटभर खाऊ-पिऊ द्यायचं, त्यांचं झालं की मग आपलं. आणि गलका अजिबात करायचा न्हाई. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवलं."

गुरुवारी ज्वारी होती. पोरांसाठी म्हणून हौसानं विहिरीपलीकडचा चार गुंठ्यांचा तुकडा मुद्दाम राखून ठेवला होता. कणसं दुधात भरलेली, टपोरी. शुक्रवारी साहेबांपुढं पोरांनी त्याच कणसांचा हुरडा भाजायचा असा तिचा बेत होता. महिपती पोरांना घेऊन तुकड्यावर पोहोचला, आणि तेवढ्यात पाखरांचा थवा उतरला. पोपट, साळुंक्या, चिमण्या, सगळ्या एकदम.

आता जित्राबांशी कसं वागायचं हे महिपतीला कालच कळलं होतं, चांगलं बरगडीत कळलं होतं. त्यानं पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मग घरी पळत जाऊन पेंडीचं घमेलं आणलं आणि बांधावर ठेवलं. पाखरांची नावं त्याला माहीत नव्हती, म्हणून त्यानं ठेवली. या हिराबाई, या मैनाबाई, या राघूअण्णा, असं म्हणत तो सगळ्यांना हाका मारायला लागला. पेंडीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पण एवढं मानानं बोलावतंय कोण म्हणून शेजारच्या शिवारातलेही थवे आले. एका कणसावर बारकी चिमणी बसायला बघत होती आणि मोठा पोपट तिला हुसकत होता. महिपतीनं पोपटाला समजावलं की आधी पिल्लांचं होऊ दे.

पोरं चार तास तोंडावर बोट ठेवून बसली. त्यांचं झालं की मग आपलं, असं महिपतीनं सांगितलं होतं. पाखरांचं झालं तेव्हा तुकड्यात नुसती ताटं उभी होती आणि ताटांच्या डोक्यावर रिकामी कणसं. पोरांनी वह्या काढल्या आणि लिहिलं, 'ज्वारी पाखरांसाठी पेरतात. उरली तर माणसे खातात. उरली नाही.'

त्या संध्याकाळी हौसानं कपाळावर हात मारला नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली. ज्या ज्वारीची राखण करायला तिची शाळा सुटली होती, ती ज्वारी तिच्या नवऱ्यानं नावं घेऊन घेऊन पाखरांना खाऊ घातली होती. ती बोलत नाही म्हटल्यावर महिपतीचा जीव कासावीस झाला. तो तिच्या पायाशी बसला आणि हळूच म्हणाला की एवढं एकदा सांग, आता चुकणार नाही. उद्याच्या दिवसावर तुझं सगळं आहे, ते मला कळतंय.

ते त्याला खरंच कळत होतं. हौसाला भरून आलं. तिनं त्याला जवळ बसवलं आणि निदान राखण कशी करतात ते तरी पोरांना दिसावं म्हणून एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली, कारण हे काम तिच्याइतकं गावात कुणाला येत नव्हतं.

"दिवस उगवायला माळ्यावर जाऊन उभं ऱ्हायचं. गोफणीत ढेकूळ घालायचं, दगूड न्हाई, कुणाचा जीव जायला नको. संगं पत्र्याचा डबा घ्यायचा. थवा येऊन बसला आणि दाण्याला तोंड लावायला लागला की डबा बडवायचा, आरोळी ठोकायची आणि गोफण सोडायची. मोठं, बारकं बघायचं न्हाई. एकाच्याबी तोंडात दाणा पडता कामा नये. पार शिवाराबाहेर घालवून यायचं."

महिपतीनं ते सात वेळा म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. हौसाला त्या रात्री झोप लागली.

शुक्रवारी दिवस उगवला तेव्हा महिपती माळ्यावर होता. पाखरं काही आली नाहीत, खायला उरलंच नव्हतं. पण त्यानं नजर हलवली नाही. इकडे हौसाला बैलगाडीत बाज टाकून शेतात आणलं. तिनं पहाटे उठून, पाय पाटावर ठेवून, बसल्या बसल्या जवळजवळ शंभर भाकऱ्या थापल्या होत्या. मागच्या सालच्या ज्वारीच्या. जोडीला पिठलं, ठेचा, दही आणि चौदा दुधींची भाजी. नवं लुगडं नेसून ती बाजेवर बसली होती.

बस आली. मोहोळकर साहेब उतरले. भारदस्त माणूस, पांढरा सफारी, तोंडावर हसू नाही. त्यांनी पोरांना बांधावर बसवलं आणि विचारलं की काय शिकलात या चार दिवसांत?

शर्वरी नावाची एक पोरगी उभी राहिली. तिनं सांगितलं की कांदा खाली असतो आणि दुधी वर असतो. दुधीला नख टोचलेलं चालतं, म्हशीला चालत नाही. पाखरांची राखण केली नाही तर माणसाला भाकरी मिळत नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला हे कुणी समजावून सांगितलं?

"कोणी नाही," शर्वरी म्हणाली. "काका चुकतात, मग आम्हाला कळतं."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हौसाकडे वळून म्हणाले, "पोरांना पाठवायचं की नाही ते जेवण झालं की सांगतो. आधी तुमची भाकरी खाऊ." हौसाचा जीव भांड्यात पडता पडता राहिला. पंगत बसली. दोन रांगा पोरांच्या, मध्ये साहेब, एका बाजूला बाई, एका बाजूला बसचा ड्रायव्हर. पत्रावळी मांडल्या, भाकऱ्या वाढल्या गेल्या. साहेबांनी घास मोडला.

माळ्यावर महिपती ताठ झाला.

थवा येऊन बसला होता. शिवारात, रांगा करून. पुढ्यात ज्वारी होती आणि थवा ज्वारीला तोंड लावायला लागला होता. थवा जरा मोठा वाटला, पण मोठं, बारकं बघायचं नाही असं हौसानं स्वतः सांगितलं होतं. त्यानं डबा उचलला. बँड सोडल्यापासून असा आवाज त्यानं काढला नव्हता. अख्खं शिवार दणाणलं. मग त्यानं आरोळी ठोकली आणि गोफण सोडली.

पहिलं ढेकूळ साहेबांच्या पिठल्यात पडलं. पांढरा सफारी पिवळा झाला. दुसरं ढेकूळ ड्रायव्हरच्या टोपीवर फुटलं. ढेकळं भुसभुशीत होती, लागत कुणालाच नव्हती, पण साहेबांना ते कसं कळावं? ते हातातला घास टाकून उठले आणि ज्वारीच्या उभ्या ताटांतून धावत सुटले. पण थवा पार शिवाराबाहेर घालवायचा, हे महिपतीनं सात वेळा म्हणून दाखवलं होतं. साहेब ज्या सरीतून पुढं जातील तिथं मागून ढेकूळ येत होतं. बाई बैलगाडीखाली शिरल्या. पोरं आडवी पडून हसत होती, काही पोरं पत्रावळ डोक्यावर धरून पुन्हा पुन्हा उभी राहत होती, आपल्याकडे एखादं ढेकूळ यावं म्हणून. साहेब बसमध्ये चढले, ड्रायव्हर त्यांच्या आधीच चढला होता आणि बस धुरळा उडवीत शिवाराबाहेर गेली. चाळीस पोरं मागं राहिली हे ड्रायव्हरला डांबरी सडकेवर पोहोचल्यावर आठवलं, पण साहेब काही त्याला माघारी फिरू देईनात.

महिपती माळ्यावरून उतरला. घामाघूम झाला होता, पण तोंडावर तेज होतं. तो हौसाच्या बाजेपाशी आला आणि म्हणाला, "एकाच्याबी तोंडात दाणा पडू दिला न्हाई."

हौसा त्याला बोल तरी कसा लावणार? बोलायला गेलं तर त्यात तिचाच शब्द न् शब्द होता. शेवटी तिनं डोळे मिटून सांगितलं, "धनी, ती माणसं हुती. पाव्हणा हाकलायचा नसतो. पाव्हण्याला हाताला धरून बसवायचं. नको म्हणाला तरी ऐकायचं न्हाई. आडवं व्हायचं, वाट अडवायची, काय वाट्टेल ते करायचं, पण जेवल्याबिगर पाव्हणा शिवारातनं जाऊ द्यायचा न्हाई."

"असं व्हय," महिपती म्हणाला. "आता माझ्या ध्यानात आलं."

आता गंमत अशी की साहेब गेले तरी पोरं होती आणि बाई होत्या. पोरं जेवली. जेवून हौसाच्या बाजेभोवती जमली आणि काकांनी फिरवलं ते आम्हालाही शिकवा म्हणाली. हौसानं गोफण हातात घेतली. मग गोफणीवरून पाखरांवर, पाखरांवरून पेरणीवर, पेरणीवरून बैलांवर, असं करत दुपार कलली तरी ती बोलत होती. पोरं विचारत होती, ती सांगत होती. एकदा एकानं तिला बाई म्हणून हाक मारली आणि सरनोबत बाईंनी ओ दिली. पोरगं म्हणालं, "तुम्ही नाही, या बाई." हौसानं पदर तोंडाला लावला. एवढं सुख तिला उभ्या जन्मात झालं नव्हतं.

दिवस मावळतीला लागला तेव्हा गाडीवाटेनं बस परत आली. साहेब आतच बसून होते, काच वर करून. त्यांनी दिवसभरात काही खाल्लेलं नव्हतं. एका बोटाएवढी काच खाली करून त्यांनी बाईंना लवकर आटपायला सांगितलं. पोरं बसमध्ये चढायला तयार नव्हती. बाईंनी त्यांना कशीबशी आत ढकलली आणि जाता जाता साहेबांना विचारलं की पुढच्या वर्षाचं काय? साहेब म्हणाले, ते मागाहून बघू, आधी निघू या. हौसानं ते ऐकलं. मागाहून बघू म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. शाळा सुटली तेव्हाही वडील तेच म्हणाले होते.

महिपतीनंही ऐकलं. पाहुणा उपाशी निघाला होता.

तो खिडकीशी गेला आणि हात जोडून म्हणाला, साहेब, दोन घास खाऊन घ्या. साहेब म्हणाले, नको. तो म्हणाला, अर्धी भाकरी तरी. साहेबांनी काच वर केली. हाताला धरावं तर हात काचेआड. आडवं व्हावं म्हणून तो बसपुढं आडवा झाला, तर ड्रायव्हरनं बस मागं घेतली आणि बाजूनं काढायला लागला. राहिलं वाट अडवणं. महिपती उठला. त्यानं फावडं घेतलं, वाटेच्या वरच्या अंगानं भरून वाहणाऱ्या पाटापाशी गेला आणि पाटाचा बांध फोडला.

काळी माती आणि तिच्यावर पाटभर पाणी. ड्रायव्हरनं घाईघाईनं चाक फिरवलं, तसं चाक जागच्या जागी खाली गेलं. त्यानं आणखी फिरवलं, चाक आणखी गेलं. बस उजवीकडे कलली, मग डावीकडे कलली आणि मग पोटावर बसली. आतून चाळीस पोरांनी जयजयकार केला. गावातली माणसं आली, तीन बैलजोड्या लावल्या, दोर तुटले. म्हातारं कोतारं जमलं आणि त्यांनी मातीत बोट घालून सांगितलं की काळी जमीन आहे, मंगळवारच्या आत काही सुटत नाही.

तेवढ्यात गुडघाभर चिखलातून महिपती आला. एका हातात पत्रावळ, एका हातात ठेच्याची वाटी. त्यानं काचेवर टकटक केलं.

"साहेब, आता निवांत होऊ द्या."

साहेबांनी चाकाकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं, मग भाकरीकडे बघितलं. काच खाली केली. पहिली भाकरी त्यांनी न बोलता खाल्ली. दुसरीला त्यांनी ठेचा मागितला. तिसरीला दुधीची भाजी कुणी केली ते विचारलं. मग चार माणसांनी हौसाची बाज उचलून खिडकीपाशी आणून ठेवली आणि हौसानं धीर करून एकदाचं विचारलं, "साहेब, पोरं पुढल्या सालाला येतील न्हवं?"

साहेबांनी चौथी भाकरी मोडली.

"हौसाबाई," ते म्हणाले, "पुढच्या सालाला यायला आधी यंदाची जायला नकोत का?"